टेबलटॉप आरपीजीचं मराठी मासिक काढलं तर त्यात नक्की काय हवं? (भांडायला या)

गुहापाल
आमच्या पुण्याच्या ग्रुपातल्या तिघाचौघांच्या डोक्यात खूळ शिरलंय, टेबलटॉप रोलप्लेइंगवर (आरपीजी) मराठीतून अंक काढायचा. मासिक म्हणतोय पण खरं तर तीन महिन्यांतून एकदा. ए५, मधोमध दोन पिना, ३२ पानं, सोबत पीडीएफ. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) आणि त्याची भावंडं, एक जण डीएम होऊन जग चालवणार, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, फासे, कागद, आणि रात्री दीड वाजता "आता बास, उद्या ऑफिस आहे". पानं कशाने भरायची यावरून आमच्यातच दोन तट पडलेत म्हणून धागा काढला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शनिवारी टेबलावर वापरता येणार नाही ते छापायचं नाही. बातम्या नकोत, डिझायनरच्या मुलाखती नकोत, "आरपीजी आणि आजचा समाज" तर अजिबातच नको. डीअँडडी काढणाऱ्या कंपनीचं ड्रॅगन मासिक १९७६ च्या जूनमध्ये सुरू झालं तेव्हा नवा खेळ आलाय हे कळायला दुसरा फारसा रस्ता नव्हता, आज यूट्यूबवर तासाभरात कळतं, मग तीन महिन्यांची शिळी बातमी कोण वाचणार. उलट १९८६ ला त्याच कंपनीने डंजन नावाचं वेगळं मासिक काढलं, त्यात मुख्यतः तयार साहसं, म्हणजे डीएमने थेट चालवायच्या कथा, आणि ते छापील स्वरूपात २००७ पर्यंत दीडशे अंक चाललं. कारण सरळ आहे, डीएमला तयारीला वेळ नसतो. दोन वन-शॉट (एका बैठकीत संपणारी साहसं), एक नकाशा, चार रँडम टेबलं (फासा टाकून काय घडतं ते ठरवायच्या याद्या), झाला अंक.

निवांत वाचक
कडाडून असहमत! असलं मासिक विकत घेणाऱ्यांतले बरेचसे लोक त्या काळात खेळतच नसतात हो. ग्रुप फुटतो, कुणाचं लग्न होतं, कुणाला मूल होतं, कुणी बंगलोरला जातो, आणि मग हातात उरतं ते वाचन. मी स्वतः खेळलोय त्याच्या कितीतरी पट वाचलंय आणि त्याची मला लाज नाही.

पिअर्सर नावाचा एक येडछाप राक्षस आहे, गुहेच्या छताला लटकणाऱ्या दगडी सुळक्यासारखा दिसतो आणि खाली कुणी आलं की डोक्यावर पडतो, एवढंच त्याचं कर्तृत्व. १९८३ मध्ये ड्रॅगनने त्याच्यावर अख्खा लेख छापला, हा प्राणी असा का, जगतो कसा, आणि लोकांना ते इतकं आवडलं की एकेका राक्षसाची 'इकॉलॉजी' ही मालिकाच पुढे कित्येक वर्षं चालली. आता तुझ्या नियमाने तो लेख बाद, कारण शनिवारी उपयोग काय. पण तो वाचलेला डीएम पुढच्या वेळी पिअर्सर आणेल तेव्हा नुसता फासा टाकणार नाही.

आणि तुझ्या लाडक्या डंजनमधली साहसं काढून बघ जरा. सुरुवातीलाच तीनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी राजाचा इतिहास, जो टेबलावरच्या एकाही खेळाडूला कधीच कळत नाही. तो कुणासाठी लिहिलाय? लोळत वाचणाऱ्या डीएमसाठीच ना?

गुहापाल
हाच तर त्यातला दोष आहे आणि तू तो गुण म्हणून सांगतोयस 😀 खेळाडू समोर बसलेत, एकाने विचारलं "या सरायवाल्याचं नाव काय", आणि मी परिच्छेदात बोट फिरवत शोधतोय. मला काय हवं असतं? सरायवाल्याचं नाव, त्याला काय हवंय, तो काय लपवतोय. तीन ओळी. खोलीचं वर्णन दोन ओळी, खेळाडूंना आधी दिसतं ते आधी, दार उघडल्यावर दिसतं ते नंतर. नकाशा आणि खोल्यांची माहिती समोरासमोरच्या दोन पानांवर, म्हणजे पान उलटायला नको. एवढं पाळलं तरी निम्म्या छापील साहसांच्या पुढे जाऊ.

कोथरूडी ऑर्क
+१ गुहापाल. फक्त एक सुधारणा, डीअँडडीची पाचवी एडिशन सोडून काही नको. इथे लोकांना एक सिस्टीम, म्हणजे एका खेळाचे नियम, शिकवताना घाम फुटतो, त्यात तुम्ही आणखी पाच आणणार. आणि नवे सबक्लास (पात्राच्या पेशाचे उपप्रकार) द्या, नवी स्पेल (जादूचे मंत्र) द्या, खेळाडू त्याच्यासाठीच अंक घेतील, डीएम एक असतो आणि खेळाडू पाच, हिशोब करा.

बाईडीएम
ऑर्कभाऊ, माझ्या टेबलावर मासिकातला सबक्लास चालणार नाही, आत्ताच सांगते. जुन्या लोकांना विचारा, २००० नंतरच्या ड्रॅगनच्या मुखपृष्ठावर "शंभर टक्के अधिकृत" असं छापलेलं असायचं तरी कित्येक डीएम म्हणायचेच, ड्रॅगनमधलं काही आणायचं नाही. कारण दर महिन्याला काहीतरी नवं द्यायचं म्हटलं की ते आधीच्यापेक्षा थोडं भारी असावं लागतं, नाहीतर कोण घेणार, आणि वर्षभरात साधा फायटर खेळणारा बिचारा कोपऱ्यात चिप्स खात बसतो. टेस्टिंग करायला तुमच्याकडे माणसं कुठायत?

दोनडीसहा
"पाचवी सोडून काही नको" वाचून बीपी वाढलं. व्हाइट ड्वार्फ मासिकाचं काय झालं ते आठवा. १९७७ ला गेम्स वर्कशॉप कंपनीने लंडनहून काढलं, सुरुवातीच्या वर्षांत त्यात डीअँडडी होतं, ट्रॅव्हलर होतं, रूनक्वेस्ट होतं, सगळ्या घरची माणसं. ऐंशीचं दशक संपेपर्यंत ते फक्त कंपनीच्या स्वतःच्या खेळांचं, म्हणजे वॉरहॅमर या युद्धखेळाच्या मिनिएचरचं (छोट्या मूर्तींचं) झालं. धंदा म्हणून उत्तमच, आजही चालू आहे, पण आरपीजीवाल्या वाचकाला त्यात काय उरलं? एकाच खेळाला बांधलेलं मासिक म्हणजे शेवटी त्या खेळाच्या मालकाचा कॅटलॉग. आणि मालकाने मनात आणलं की संपलं. ड्रॅगन आणि डंजन दोन्ही २००२ पासून पायझो ही दुसरी कंपनी छापत होती, २००७ मध्ये डीअँडडीची मालक कंपनी विझार्ड्सने लायसन्स पुढे दिलं नाही, छपाई बंद. पायझोवाले पाथफाइंडर हा स्वतःचा खेळ काढून तगले, सगळ्यांना ते जमत नाही.

कोथरूडी ऑर्क
अरे बाबा, ते ठीक, पण ट्रॅव्हलर इथे खेळतं कोण? तू आणि? ज्या खेळात पात्र तयार करतानाच मरू शकतं तो खेळ मी नवीन माणसाला काय म्हणून दाखवू.

दोनडीसहा
पात्र तयार करतानाच मरू शकतं हाच त्याचा सगळ्यात भारी भाग आहे. असो, विषय तो नाही. कुठल्याही सिस्टीमला चालेल असं साहस लिहिता येतं, गुहापालने वर सांगितलं ना, सरायवाल्याला काय हवंय. त्याला कुठली एडिशन लागते?

बाईडीएम
मला सगळ्यात जास्त काय हवंय ते कुणीच बोललं नाही, परीक्षणं. खरी. इथे एक हार्डकव्हर मागवायचं म्हणजे किंमत अधिक शिपिंग अधिक कस्टमचं टेन्शन, आणि यूट्यूबवर ज्याला त्याला पुस्तक फुकट आलेलं असतं त्यामुळे सगळंच "अमेझिंग". व्हाइट ड्वार्फमध्ये 'ओपन बॉक्स' सदर होतं, दहापैकी मार्क द्यायचे. अर्थात छापणारेच तेव्हा ब्रिटनमध्ये डीअँडडीचे वितरक, म्हणजे दुकानदाराच्याच तराजूवर माल मोजायचा. तरीही मार्क कमी पडलेले दिसायचे. तुम्ही कुणाचे वितरक नाही, तुम्हाला काय अडचण आहे? अट एकच, खेळून झाल्याशिवाय परीक्षण नाही. नुसतं चाळून लिहिलेलं ओळखू येतं, त्यात चित्रांचं कौतुक जास्त असतं.

गुहापाल
परीक्षणाला तीन महिन्यांत शिळेपणा येत नाही हे मान्य. पण खेळून झाल्याशिवाय नाही म्हणजे एका अंकात एकच पुस्तक होईल.

बाईडीएम
मग एकच होऊ दे की.

जर्सीची मावशी
न्यू जर्सीहून. तुम्हा सगळ्यांचं ग्रुप, टेबल, शनिवार चाललंय, माझ्याकडे यातलं काहीच नाही. नवऱ्याला रस नाही, मुलगी कॉलेजला गेली, इथल्या गेम शॉपमध्ये गेले तर सगळे वीस-बावीसचे. मी एकटी खेळते, आयर्नस्वॉर्न नावाच्या खेळाने सुरुवात केली, पीडीएफ फुकट आहे, एकट्याने खेळायचे नियम त्यातच आहेत. तर माझं म्हणणं, दर अंकात सोलोसाठी चार पानं तरी द्या. एकट्या माणसासाठी साहस लिहिणं वेगळं असतं, तिथे गुपित डीएमला सांगून चालत नाही, कारण डीएम मीच, आणि मला आधी कळलं तर मजा काय राहिली. त्याच्यासाठी प्रश्न लिहावे लागतात, टेबलं लिहावी लागतात. निवांत वाचक म्हणतात ते "खेळत नसलेले" लोक आहेत ना, त्यांच्यातले बरेच जण यातून खेळायला लागतील.

निवांत वाचक
मावशी, हे मला सुचलंच नव्हतं. चार कशाला, सहा पानं घ्या, गुहापालच्या नकाशातली कापा.

खाडीवरचा
अरे तुम्ही मराठीतून काढताय ना अंक? मग अजून एकाचंही तोंड भुतांकडे कसं वळलं नाही? डीअँडडीच्या १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये 'राक्षस' याच नावाचा एक प्राणी आहे, वाघाचं डोकं, आणि तो मरतो कशाने तर मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने. आपल्याकडच्या कुठल्या आजीने ही गोष्ट सांगितली होती? कोकणात नुसती यादी काढली तरी वर्षभराचे अंक भरतील. मुंजा, समंध, खवीस, हडळ, देवचार, जखीण, झोटिंग. मी गिऱ्ह्याचं केलंय. पाण्याजवळ राहतो, रात्री ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन खोल पाण्यात बोलावतो, आगीला भितो. आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) १३, हिट पॉइंट (किती मार सोसतो) ४५, विस्डम सेव्ह (मोह टाळायचा फासा) चुकला की तुम्ही स्वतःहून पाण्यात चालत जाणार. देऊ का छापायला?

दोनडीसहा
गिऱ्हा ठीक. पण सगळ्यांचे असे स्टॅट ब्लॉक (आकड्यांच्या चौकटी) करत सुटलात तर मजा मराल. चकव्याला किती हिट पॉइंट देणार? चकव्याला तलवारीने मारता येत नाही, तो दिसतच नाही, माणूस रात्रभर त्याच त्या बांधाभोवती फिरत राहतो बस. तो राक्षस म्हणून नाही, प्रवासाचा नियम म्हणून लिहायला हवा. रात्री वाट चालायची तर फासा टाका, एक आला की डीएमने न सांगता तुम्हाला फिरवून परत त्याच आंब्याखाली आणायचं. आणि उतारा सगळ्यांना माहीत आहे, जागच्या जागी बसायचं उजाडेपर्यंत. आता सांगा, पात्रांची कुठली टोळी कधी गप्प बसलीय? कंदिलातलं तेल संपतंय, मागून कुणीतरी येतंय, आणि डीएम विचारतोय "बसता की चालता?" पाऊण पानात मावेल.

निवांत वाचक
गुहापाल, हे बघ. हे वाचनीय पण आहे आणि तुझ्या शनिवारी पण चालतंय. आणि ना तू लिहिलंस ना मी, वाचकाने लिहिलं. व्हाइट ड्वार्फमध्ये 'फीएंड फॅक्टरी' सदरात वाचक आपापले राक्षस पाठवायचे. चार्ल्स स्ट्रॉस नावाच्या एका ब्रिटिश पोराने गिथयांकी नावाचे राक्षस पाठवले, ते डीअँडडीच्या १९८१ च्या फीएंड फोलिओ या राक्षसांच्या पुस्तकाच्या थेट मुखपृष्ठावर गेले, आणि आज बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममधली लाएझेल कोण आहे? गिथयांकीच. तो पोरगा पुढे नावाजलेला विज्ञानकथा लेखक झाला. ख्रिस पर्किन्सही असाच, १९८८ पासून डंजनला साहसं पाठवत पाठवत शेवटी डीअँडडीच्या डिझाइन टीममध्ये जाऊन पोचला. माझं म्हणणं बदलून सांगतो मग, लेख की साहस हा वाद राहू दे, निम्मा अंक वाचकांचा हवा.

गुहापाल
निम्मा नाही. वाचकांचं म्हणजे संपादन आलं, आणि मराठीत "माझं कापलं" म्हणून रुसणारे तुला माहीत नाहीत का. चकवा मात्र घेतला, दोनडीसहा, पाऊण पान म्हणजे पाऊणच.

कायद्याचं_बोला
उशिरा आलो. दोन गोष्टी. एक, पाचव्या एडिशनचे स्टॅट ब्लॉक छापायला घाबरू नका, २७ जानेवारी २०२३ ला विझार्ड्सने एसआरडी ५.१ (पाचव्या एडिशनच्या मूळ नियमांचा मजकूर) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला, त्या महिन्यात लायसन्सवरून झालेला गदारोळ आठवत असेल. त्यातला मजकूर विकता येतो, बदलता येतो, मराठीत आणता येतो, श्रेय दिलं की झालं. पण बिहोल्डर, माइंड फ्लेअर, आणि हो, गिथयांकी यांचे स्टॅट ब्लॉक त्यात नाहीत, त्यांना हात लावू नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं. वाचकांकडून घेणार असाल तर हक्कांचं आधी लिहून घ्या. १९९९ मध्ये ड्रॅगनचे पहिले २५० अंक सीडीवर निघाले, आणि आत छापलेल्या कॉमिकचे हक्क पुन्हा छापण्यासाठी घेतलेच नव्हते यावरून नाइट्स ऑफ द डिनर टेबलवाल्यांशी वाद झाला, शेवटी तडजोड करावी लागली. तुम्ही पीडीएफ काढणार, उद्या संकलन काढणार. लेखकाचा हक्क लेखकाकडे, तुम्हाला छापील आणि पीडीएफ दोन्हीत कायम छापायची परवानगी, एवढ्या चार ओळी पुरतात. आणि मानधन द्या, पाचशे रुपये का असेना.

खाडीवरचा
मला पैसे नकोत, नाव नीट छापा. आणि गिऱ्ह्याचं चित्र मी सांगेन तसं हवं, शिंगं बिंगं नकोत.

गुहापाल
बरं, आत्तापर्यंतचा आराखडा: साहसं १४ पानं, सोलो ४, राक्षस-भुतं ४, परीक्षण ३ (खेळूनच, बाईडीएम लिहिणार), लेख २ (निवांत वाचक, दोनच!), पत्रं १. उरलेली चार म्हणजे मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आतल्या दोन बाजू. जाहिराती नाहीत. १४ मधली डीअँडडीची ८.

कोथरूडी ऑर्क
८? अख्ख्या अंकात डीअँडडीला ८? मी १२ च्या खाली ऐकणार नाही.

दोनडीसहा
मी ६ म्हणणार होतो.