घरावर कललेला रायवळ आंबा: पावसाआधी तोडावा की राखावा?

पागोळी (मूळ प्रश्न)

श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या घराच्या नैऋत्येस, ओटीपासून जेमतेम 20 फुटांवर, पणजोबांच्या वेळचा रायवळ आंबा आहे. दोन माणसांच्या कवेत न मावणारा हा वृक्ष पहिल्यापासूनच घराकडे थोडा कललेला आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले, तेव्हा वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, पण हा आंबा दोन फांद्या गमावून उभा राहिला. गेल्या पावसाळ्यात मात्र बुंध्याशी तपकिरी, कडक अळंबी उगवली आणि ती अद्याप तशीच आहे. सुमारे 12 फुटांवरच्या ढोलीत यंदाही धनेश पक्ष्यांची जोडी आहे. घरी आई आणि आत्या, दोघीही सत्तरी ओलांडलेल्या, एकट्याच राहतात. भाऊ म्हणतो की मे संपण्याआधी झाड आडवे करावे. आई ऐकायला तयार नाही. आपले मत कारणांसह कळवावे.

गडगा

तोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वादळात टिकले म्हणजे भक्कम आहे, हा युक्तिवाद कोकणात हल्ली फार ऐकू येतो आणि तो फसवा आहे. वाऱ्याने झाड गदागदा हलते तेव्हा जमिनीखाली काही मुळे तुटतात, तिथून बुरशी आत शिरते आणि झाड त्यानंतर काही वर्षांनी, एखाद्या साध्या सरीत, वारा फारसा नसतानाही कोसळते. बुंध्याशी आलेली अळंबी हे आतल्या कुजीचे बाहेर दिसणारे फळ असते. ते दिसते तोवर कूज बरीच पसरलेली असू शकते. आमच्या शेजाऱ्यांचा फणस असाच, वर हिरवागार असताना, रात्री पडवीवर आला. माणसे माजघरात होती म्हणून वाचली.

कातळसडा

गडगा यांची काळजी रास्त आहे, निष्कर्ष घाईचा आहे. पोकळ झाड आणि दुबळे झाड यांत फरक असतो. बांबू पोकळच असतो. बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीची निरोगी भिंत सगळीकडून शिल्लक असेल, तर खोड पुष्कळ भार पेलते, असा तज्ज्ञांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणून आधी लाकडी हातोड्याने बुंधा चहूबाजूंनी ठोकून पाहावा, भद्द आवाज कुठे येतो ते खडूने आखावे, खोडाशी भिरुडाचा, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीचा, भुसा पडतो का ते पाहावे.

शिवाय धनेशाची मादी ढोलीचे तोंड लिंपून घेऊन आत बसते आणि नर बाहेरून फळे भरवतो. आज झाड पाडले तर मादी आणि पिल्ले आतल्या आत मरतील, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार तो गुन्हाही ठरेल. आंबा हा 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतला वृक्ष असल्यामुळे, स्वतःच्या जागेत असला तरी वन खात्याची परवानगी लागते, हेही भावाच्या कानावर घालावे.

सड्यावरचा

केवळ एक सूचना करतो. लाकडाच्या बदल्यात फुकट तोडून देतो म्हणणाऱ्याला बोलावू नये. कललेल्या झाडाच्या फांद्या दोराने बांधून, तुकड्यातुकड्याने उतरवाव्या लागतात, आणि कौले त्या माणसाची नसतात.

पागोळी

सांगितल्याप्रमाणे काल पाहणी केली. खोड तीन बाजूंनी टणक वाजते. समुद्राकडच्या बाजूला मात्र जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत आवाज बसका येतो आणि अळंबीही तिथेच आहे. त्याच बाजूला, खोडापासून चार हातांवर, मातीत अर्धवर्तुळाकार भेग दिसली, तिच्यात माझे बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेले. एक गोष्ट आधी लिहायची राहिली, म्हणजे खरे तर सुचली नव्हती: तीन वर्षांपूर्वी आम्ही शौचालयाचा खड्डा त्याच बाजूला खणला आणि गड्यांनी मांडीएवढी दोन मुळे तोडली होती.

गडगा

मग विषय संपला. पावसाळी वारा नैऋत्येचा, झाडाचा कल घराकडे, आणि तंबूच्या तणाव्यांसारखी मागून ओढून धरणारी मुळे आपणच तोडलेली. रायवळाचे सोटमूळ खोल असते, असा दिलासा कुणी देईल. पण खाली जांभ्याचा कातळ लागला की ते तिथेच अडते आणि जुने झाड मुख्यतः आडव्या मुळांवर तगते.

कातळसडा

भेगेबद्दल वाचून माझेही मत बदलले. मुळांनी पकड सोडली असेल, तर नुसती फांद्यांची विरळणी पुरणार नाही, हे मान्य. तरीही संपूर्ण झाड जमीनदोस्त करणे आवश्यक आहे, असे मला वाटत नाही. वन खात्याला आताच कळवून, त्यांच्या माणसासमोर, घराकडच्या फांद्या आणि शेंडा उतरवावा आणि ढोलीसह 15 फुटांचे खोड ठेवावे. वीस फुटांवरचे पंधरा फुटी खोड आडवे झाले तरी ओटीपर्यंत पोहोचत नाही. डोलारा गेल्यावर वाऱ्यालाही धरायला काही उरत नाही.

गडगा

कागदावर हिशेब बरोबर आहे. पण ढोलीच्या डोक्यावर कटर चालू असताना नर फिरकेल का? आणि त्या कुजक्या खोडाखालून खड्ड्याकडे रोज जाणार कोण, आई आणि आत्याच ना? पिल्ले उडाली की उरलेले खोडही उतरवावे.

पागोळी

वन खात्यात अर्ज दिला आहे; वनरक्षक सोमवारी येतो म्हणाले. तोवर दोघींच्या खाटा ओटीवरून माजघरात हलवल्या आहेत आणि शौचालयाकडे मागल्या दाराने वळसा घालून जाण्याचे ठरले आहे. आईने छाटणीला होकार दिला, पण खोडाचा विषय काढू नका, असे बजावले आहे. भाऊ गप्प आहे.