पोर्तो ते सांतियागो, किनाऱ्याची वाट: व्हिसा कुठला, बूट कुठले, आणि आईंनी खायचं काय

बी-३०४ अनघा: नमस्कार. सप्टेंबरात मी, हे आणि आई (सासूबाई, वय ६६) पोर्तोहून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत यात्रेकरूंच्या वाटेने, किनाऱ्याने चालत जायचं म्हणतोय. लिस्बनला ३ रात्री, पोर्तोला १, मग चालणं. एजंट म्हणतो विमान लिस्बनला उतरतं, म्हणून व्हिसा पोर्तुगालचा काढा. बरोबर आहे का? आई अंडंही खात नाहीत, त्याचंही सांगा. सोसायटीत जाऊन आलेले आहेत म्हणून इथेच विचारतेय.

ए-७०२ निखिल: अनघाताई, एजंटचं चुकतंय. शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश) ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. उतरता कुठे, हे फक्त दोन्हीकडचे दिवस सारखे असतील तेव्हा बघतात. रात्री मोजा. लिस्बन ३, पोर्तो १, वाटेत व्हिला दो कोंद, एश्पोझेंद, व्हियाना दो कास्तेलो आणि कामिन्या मिळून ४. पोर्तुगाल ८. पुढे आ ग्वार्दा, मोउगास, बायोना, वीगो, रेदोंदेला, पोन्तेवेद्रा, काल्दास, पाद्रोन आणि सांतियागोत २. स्पेन १०. म्हणजे अर्ज स्पेनचा. स्पेनचे अर्ज बीएलएस ही कंपनी घेते, पोर्तुगालचे व्हीएफएस. खिडकीच वेगळी आहे.

ए-७०२ निखिल: मात्र लिस्बनच्या ३ च्या ६ केल्यात की पोर्तुगाल ११ होतं आणि सगळं उलटतं. म्हणून आधी रात्रींचा तक्ता पक्का करा, मग अपॉइंटमेंट घ्या. फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज घेणाऱ्या सेंटरचं शुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. त्या १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका.

बी-३०४ अनघा: बुकिंगचं काय? वाटेवरच्या धर्मशाळा आधी बुक होत नाहीत म्हणे.

ए-७०२ निखिल: गालिसियातल्या (वाटेवरचा स्पेनचा प्रांत) सरकारी आल्बेर्गेंत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळांत, होत नाहीत. साधारण १० युरो, एकच रात्र, दुपारी १ ला दार उघडतं, आधी येईल त्याला खाट. व्हिसाच्या फाइलला रोजच्या मुक्कामाचा कागद लागतो, तेव्हा खासगी आल्बेर्गे किंवा पेन्सिओन (छोटं गेस्टहाउस) घ्या, रद्द करता येईल अशा अटीवर. आणि फाइलमधल्या गावांचा क्रम विमानाच्या तारखांशी जुळू द्या. एका रात्रीचा खड्डा राहिला तरी प्रश्न विचारतात.

सी-१०१ मेधाताई: निखिलने हिशेब छान मांडलाय. आता वाटेचं. पोर्तोच्या कॅथेड्रलपासून ही वाट साधारण २७० ते २८० किलोमीटर भरते, समुद्राला किती चिकटून राहता त्यावर कमीजास्त. पहिलाच टप्पा लोकांना आडवा करतो. कॅथेड्रल ते व्हिला दो कोंद ३३-३५ किलोमीटर आहे आणि पहिले दहा शहरातून, बंदरातून. आई बरोबर असताना हे करू नका. कॅथेड्रलमध्ये क्रेदेन्सियाल घ्या (वाटेतले शिक्के मारायची यात्रेकरूची पुस्तिका, दोनेक युरो, प्रत्येकाचं वेगळं, घरात एक चालत नाही), पहिला शिक्का तिथेच मारून घ्या आणि मेट्रोने मातोझिन्योशला जाऊन तिथून चाला. तरी २२-२४ उरतातच. जास्त वाटलं तर लाब्रूझला मुक्काम करा, पण मग पोर्तुगालची एक रात्र वाढते, निखिलला विचारून.

सी-१०१ मेधाताई: मातोझिन्योशच्या पुढे लाकडी पाट्यांचा रस्ता आहे, वाळूच्या टेकड्यांवरून. दिसायला सुरेख, पण दवाने किंवा पावसाने भिजला की शेवाळल्यासारखा सटकतो. काठीचं लोखंडी टोक पाट्यांच्या फटीत अडकतं. रबरी टोपण लावा, जास्तीची एक जोडी ठेवा, आठवड्याभरात झिजतं. काठ्या विमानात चेक-इन बॅगेत, केबिनला काढून घेतात.

डी-५०३ डॉ. प्राची: पायांबद्दल मी लिहिते. या वाटेवर चढ थोडे, म्हणून पर्वती-सिंहगडच्या सरावाचा फार उपयोग नाही. त्रास होतो तो कडकपणाचा. पोर्तुगालच्या गावांतून ग्रॅनाइटचे ठोकळे बसवलेले रस्ते आहेत, पुढे डांबर. तळवा आणि नडगी बोलू लागते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सराव करायचा तर डांबरी रस्त्यावर, पाठीवर भरलेली सॅक घेऊन, सलग दोन-तीन दिवस १५-१८ किलोमीटर. रविवारी एकदम २५ चालून बाकी आठवडा आराम, हा सराव नव्हे.

डी-५०३ डॉ. प्राची: उंच घोट्याचे जड बूट नकोत. जाड सोलचे ट्रेल शूज, नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, कारण दुपारपर्यंत पाय फुगतो. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक, सुती अजिबात नाही. फोड येतो ओलावा आणि घर्षण मिळून, सुती मोजा घाम धरून ठेवतो. कुठे गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं की लगेच थांबायचं, मोजा काढून पाय कोरडा करायचा, टेप लावायची. "पुढच्या गावात बघू" म्हटलं की पुढच्या गावात फोडच बघायचा. आणि फोडात दोरा ओवून ठेवायचा तो सल्ला फार फिरतो, तो करू नका, दोऱ्यावरून जंतू आत जातात. आईंना मधुमेह असेल तर रोज संध्याकाळी तळवे तपासा.

बी-३०४ अनघा: मधुमेह नाही, गुडघा थोडा दुखतो. सामान किती घ्यावं?

डी-५०३ डॉ. प्राची: वजनाच्या दहा टक्के, पाण्यासकट. आई ५५ किलोच्या असतील तर साडेपाच किलो, त्यात एक लिटर पाणी म्हणजे एक किलो गेलाच. गुडघा दुखतो म्हणजे त्यांची सॅक पाठीवर नकोच, पुढे पाठवा.

सी-१०१ मेधाताई: हो, दिंडीचा ट्रक असतो तशीच सोय आहे, फक्त पैसे देऊन. टप्प्यामागे एका बॅगेचे ५ ते ७ युरो. सकाळी ८ च्या आत बॅग खाली ठेवायची, चिठ्ठीवर पुढच्या मुक्कामाचं नाव. सरकारी आल्बेर्गे अशा बॅगा घेत नाहीत, खासगी घेतात. औषधं, पासपोर्ट, क्रेदेन्सियाल मात्र कधीही त्या बॅगेत टाकू नका.

सेक्रेटरी: उद्या ११ ते १ बी विंगची लिफ्ट बंद राहील.

ए-२०५ आपटेकाका: अनघा, सासूबाईंना सराव उद्यापासूनच 😀 एक सांग मेधा, वारा कसा असतो? मुलगा म्हणाला समोरून येतो.

सी-१०१ मेधाताई: काका, बरोबर सांगितलं त्याने. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर उत्तरेचा वारा असतो, नोर्तादा म्हणतात. आपण दक्षिणेकडून उत्तरेला चालतो, म्हणजे तो तोंडावरच. दुपारी चढतो, सकाळी शांत असतो. ऊन मात्र पाठीमागून. वारा गार लागतो म्हणून ऊन कळत नाही आणि मान नि पोटऱ्या भाजून निघतात. टोपीला हनुवटीखाली दोरी हवी आणि मानेवर कापड. पुढे गालिसियात पावसाची तयारी ठेवा, सप्टेंबरातसुद्धा. पाँचो वाऱ्यात उडतो, किनाऱ्यावर जॅकेट बरं.

सी-१०१ मेधाताई: वाट दाखवणारे बाण पिवळे बघायचे. पोर्तुगालमध्ये निळे बाणही दिसतील, ते उलट फातिमा या पोर्तुगालमधल्या तीर्थाकडे जातात. आणि व्हिला दो कोंदला नीट लक्ष द्या, तिथून एक फाटा आत राटेशकडे वळतो आणि मधल्या वाटेला (समुद्रापासून दूर, आतून जाणारी) मिळतो. पिवळाच बाण, पण समुद्र सुटला.

बी-३०४ अनघा: नदी होडीने ओलांडायची असते ना?

सी-१०१ मेधाताई: कामिन्याला. मिन्यो नदी हीच सरहद्द. मोठ्या फेरीबोटीचा भरवसा धरू नका, मुखाशी गाळ साचून ती बंद पडत आलीय. लहान मोटरबोटी नेतात, माणशी ६ युरोंच्या आसपास. पाणी उतरलं की वाळूचे पट्टे उघडे पडतात, वारा असला तर बोट सोडतच नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळीच धक्क्यावर जाऊन वेळ ठरवा. नाहीच मिळाली तर कामिन्याहून ट्रेनने व्हालेन्साला जा आणि पूल ओलांडून तुईमधून मधल्या वाटेने चाला. रेदोंदेलाला दोन्ही वाटा एक होतातच. त्यात बायोना, वीगो हुकतात, हे खरं.

ए-७०२ निखिल: तिथे घड्याळाचा घोळ होतो. स्पेन पोर्तुगालच्या एक तास पुढे. कामिन्यात मोबाइल पलीकडच्या टॉवरला लागतो आणि आपोआप तास पुढे उडी मारतो, मग बोटीची वेळ चुकते. ऑटोमॅटिक टाइम बंद करून ठेवा. स्पेनमध्ये सप्टेंबरअखेर सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो. ७ ला निघालात तर टॉर्च लागेल.

सी-१०१ मेधाताई: आ ग्वार्दा ते बायोना ३० किलोमीटर आहे आणि मध्ये दुकानं फार कमी. बराचसा भाग पीओ-५५२ रस्त्याच्या कडेने, सावली नाही. ओइयाचा मठ समुद्राला लागून उभा आहे, तिथे खाऊन-पिऊन बाटल्या भरून घ्या. हा टप्पा तुम्ही मोउगासला मोडताय ते उत्तम. माझ्या मते अख्ख्या वाटेवर सगळ्यात देखणा हाच, आणि लोक तो पाय ओढत संपवतात.

सी-१०१ मेधाताई: आईंसाठी महत्त्वाचं: कोम्पोस्तेला पत्राला (यात्रा पूर्ण केल्याचं चर्चचं प्रमाणपत्र) सांतियागोपर्यंतचे १०० किलोमीटर पायी लागतात. वीगोपासून तेवढे भरतात. वीगोच्या आधी दमल्या तर ट्रेन, बस खुशाल घ्या (पोर्तुगालात व्हियाना-कामिन्या ट्रेन, पलीकडे आ ग्वार्दा-बायोना-वीगो बस). वीगोनंतर मात्र एक पाऊलही वाहनात नाही आणि रोज दोन शिक्के. चर्च, कॅफे, आल्बेर्गे, कुठलाही चालतो, तारीख घालून घ्या.

ए-२०५ आपटेकाका: आपण हिंदू, आपल्याला देतात ते पत्र?

सी-१०१ मेधाताई: देतात काका. धर्म विचारत नाहीत, हेतू विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक म्हटलं की कोम्पोस्तेला, लॅटिनमध्ये नाव घालून, फुकट. नुसता व्यायाम म्हटलं तर वेगळं स्वागतपत्र. अंतराचा दाखला ३ युरो. कार्यालय रुआ कारेतासवर. सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत, आधी खोलीवर टाकून या.

ए-७०२ निखिल: २०२७ ला २५ जुलै, म्हणजे संत सांतियागोचा सण, रविवारी येतो, म्हणून ते पवित्र वर्ष. त्या वर्षी जाणार असाल तर पाद्रोनपर्यंतच्या खाटा खूप आधी धरा.

बी-३०४ अनघा: आणि जेवण?

सी-१०१ मेधाताई: इथे कामच आहे. तोर्तिया म्हणजे अंडं. पाश्तेल दे नाता म्हणजे अंडं. कोशिंबिरीवर न विचारता ट्यूना घालतात, स्पेनमध्ये "सिन आतून, सिन उएव्हो" (ट्यूना नको, अंडं नको) म्हणा. काल्दो व्हेर्दे या पोर्तुगीज सूपात सॉसेजची चकती असते, गालिसियन काल्दोत (सूपच) डुकराची चरबी. "व्हेजिटेरियन" म्हटलं तर मासा आणतील, म्हणून नको ते एकेक सांगा. चालणारं: पोर्तुगालात सोपा दे लेगुमेश म्हणजे भाज्यांचं सूप (मांसाचं पाणी आहे का, विचारून), गालिसियात पिमिएंतोस दे पाद्रोन म्हणजे तळलेल्या छोट्या मिरच्या वर जाड मीठ, टोमॅटो चोळलेला पाव, चीज, फळं. सुपरमार्केटात काचेच्या बरणीत शिजवलेले छोले मिळतात, धुऊन घ्या, लिंबू-तिखट घाला. स्पेनमध्ये रविवारी बरीच दुकानं बंद, शनिवारीच घ्या. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी सहसा नाही, आईंना भूक ६ ला लागणार, तेव्हा मोठं जेवण दुपारी २ ला करा.

डी-५०३ डॉ. प्राची: मी म्हणते खिचडीचं सामान न्या.

सी-१०१ मेधाताई: न्या, पण सरकारी आल्बेर्गेत शेगडी असते आणि भांडं नसतं. हलकं अॅल्युमिनियमचं पातेलं बरोबर हवं. पाश्तेलाच्या गावात कुकरच्या शिट्ट्या नकोत.

ए-७०२ निखिल: युरोपात बाहेरून दूध-दुभतं आणि मांस नेता येत नाही. तूप, पेढे, दूध पावडर घरी ठेवा. ताजा कढीपत्ता, लिंबंही नकोत. मेतकूट, भाजणी, डाळ-तांदूळ, चटणी चालेल, सीलबंद आणि लेबल लावलेलं.

बी-३०४ अनघा: मेतकूट ठरलं. आई विचारतायत, तूप तिकडे मिळेल का?

सी-१०१ मेधाताई: मोठ्या सुपरमार्केटात लोणी नक्की मिळेल. बिनमिठाचं घ्या, "सिन साल", आणि त्याच पातेल्यात कढवा.