लॅम (फुफ्फुसाचा दुर्मिळ आजार): नाशिकहून कोणाला दाखवावं?

वैशाली, इंदिरानगर

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या जावेचा आहे. वय 34, मुलगा तिसरीत. ती घरीच ब्लाउज शिवते. दोनेक वर्षांपासून तिला दम लागतो. आधी जिना चढताना लागायचा, मग पायमशीन चालवतानाही लागायला लागला. जवळच्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. त्याने फरक पडेना, तेव्हा कापडाचे तंतू, धूळ, माहेरच्या द्राक्षबागेतली फवारणी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मध्ये टीबी असेल म्हणून थुंकी तपासली, ती निगेटिव्ह आली. कुणाला काही सापडत नव्हतं आणि ती मात्र दिवसेंदिवस मंदावत होती.

गेल्या महिन्यात सकाळी पाण्याचा हंडा उचलताना तिला उजवीकडे छातीत जोरात कळ आली आणि श्वासच घेता येईना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एक्सरेत उजवं फुफ्फुस बसलेलं. बरगड्यांमधून नळी टाकली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत होतं. ती खोकली की बाटलीत बुडबुडे यायचे. रात्री मी आणि दीर आळीपाळीने त्या बाटलीकडे बघत बसायचो. हळूहळू बुडबुडे थांबले, फुफ्फुस उघडलं, नळी काढली आणि ती घरी आली.

घरी सोडण्याआधी एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, केला. दोन्ही फुफ्फुसांत सगळीकडे पातळ भिंतीच्या गोल सिस्ट (पोकळ्या) आहेत आणि लॅमची शक्यता आहे, असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. पूर्ण नाव लिम्फँजिओलियोमायोमॅटोसिस. छातीचे डॉक्टर सरळ बोलले: असा पेशंट मी स्वतः कधी सांभाळलेला नाही, मुंबईला दाखवा, बहुधा बायोप्सी लागेल. त्यांनी खरं सांगितलं याचं मला बरंच वाटलं.

आता घरात जो तो वेगळं बोलतो. कोणी दिल्लीचं एम्स म्हणतं, कोणी हैदराबाद. सासूबाईंना भीती आहे की कसारा घाट उतरताना फुफ्फुस पुन्हा बसेल. दीर सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये आहे, त्याचं ईएसआयसी (कामगार विमा) कार्ड आहे. मी शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे फाईल माझ्याकडे आली आहे. फाईलमध्ये आणखी काय आहे तेही लिहिते. पोटाच्या सोनोग्राफीत उजव्या किडनीत 2 सेंटिमीटरची चरबीची गाठ दिसली होती. साधी आहे, काळजी करू नका, असं तेव्हा सांगितलं होतं. पाळी अनियमित म्हणून तिला हार्मोनच्या गोळ्याही चालू आहेत.

तर नेमकं कोणाकडे जावं? बायोप्सी खरंच करावी लागते का? आणि नाशिकमध्ये राहून हे सगळं निभावता येईल का? ज्यांनी यातून काही पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रशांत, नाशिकरोड

ताई, माझ्या वडिलांना आयएलडी (फुफ्फुसाचं अस्तर जाड, कडक होण्याचा आजार) आहे, म्हणजे वेगळा आजार, पण डॉक्टर शोधायची पायपीट तीच. आमचा अनुभव सांगतो. "छातीचे डॉक्टर" एवढ्यावर जाऊ नका. दमा, टीबी, न्यूमोनिया बघणारे चांगले डॉक्टर नाशकातही भरपूर आहेत. तुम्हाला आयएलडी आणि सिस्टचे आजार नेहमी बघणारा माणूस हवा. फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच विचारायचं: अशा पेशंटची केस छातीचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून बघतात का? याला ते एमडीडी म्हणतात. जिथे ही बैठक नेमाने होते तिथे जा, मग नाव मोठं असो की नसो.

आपल्याला मुंबईच बरी. परळचं केईएम महापालिकेचं आहे, खर्च कमी, आणि छातीच्या आजारांचा विभाग जुना. माहीमचं हिंदुजा खासगी आहे, खर्च जास्त, पण वेळ ठरवून मिळते. पंचवटी एक्सप्रेसने गेलात तर दादरला पोचेपर्यंत निम्मी सकाळ जाते आणि केईएमला केसपेपरची रांग सकाळीच असते. म्हणून आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. बाहेरगावच्या पेशंटसाठी दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, जागा आहे का ते आधी विचारा.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे सीटीची सीडी. नुसती फिल्म नेऊ नका. सेंटरवाल्यांना सांगा, पूर्ण डायकॉम फाईल (स्कॅनची मूळ संगणकी फाईल) हवी, पातळ कापांसकट. वडिलांच्या वेळी मुंबईच्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि सीडी संगणकात घालून एकेक काप वरपासून खालपर्यंत बघितला. सीडी नसती तर सीटी पुन्हा करावा लागला असता.

पिंपळगावची लेक (आता पुणे)

वैशालीताई, मला स्वतःला लॅम आहे. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेली किडनीची गाठ मला या सगळ्या कागदांत सर्वात महत्त्वाची वाटते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये अँजिओमायोलायपोमा असा शब्द आहे का बघा. लॅममध्ये ज्या पेशी फुफ्फुसात वाढतात, त्याच जातीच्या पेशींची ही गाठ असते. 2016 आणि 2017 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि जपानी संस्थेने मिळून लॅमच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार एचआरसीटीत ठरावीक सिस्ट आहेत आणि किडनीत अशी गाठही आहे, तर निदान पक्कं धरतात, फुफ्फुसाचा तुकडा काढावा लागत नाही. त्यामुळे बायोप्सीला होकार देण्याआधी पोटाचा सीटी किंवा एमआरआय करून त्या गाठीचा निकाल लावा. एकाच डॉक्टरने दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघायला हवेत. तुमच्याकडे छातीवाल्यांनी छाती बघितली आणि पोटवाल्यांनी पोट, म्हणून हे राहून गेलं असेल.

किडनीचा दुवा पक्का झाला नाही तर रक्ताची एक तपासणी असते, व्हीईजीएफ-डी. ती 800 पिकोग्रॅम प्रति मिलीलीटर किंवा त्याहून जास्त आली की, सिस्टचं चित्र जुळत असेल तर, तेवढ्यावरही निदान होतं. कमी आली म्हणून लॅम नाही असं मात्र ठरत नाही. सगळ्या लॅबमध्ये ही होत नाही, आधी फोनवर विचारा.

डॉक्टरांनी जावेची त्वचा नीट बघितली का? चेहऱ्यावर बारीक पुळ्यांसारखे दाणे, अंगावर फिकट पांढरे चट्टे, लहानपणी फिट्स, यातलं काही असेल तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. त्यात मुलाचीही तपासणी येते. मला तो नाही, पण मला विचारलं होतं आणि ते विचारायलाच हवं.

हार्मोनच्या गोळ्यांचं आजच डॉक्टरांना कळवा. लॅम जवळपास फक्त बायकांनाच होतो आणि इस्ट्रोजेनने वाढू शकतो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आम्हाला टाळायला सांगतात. परस्पर बंद करू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना लॅमचं नाव सांगून दुसरा उपाय मागा.

आता धीर देणारी गोष्ट. औषध आहे. सिरोलिमस. 2011 मध्ये माइल्स नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, 89 पेशंटचा. वर्षभर गोळी घेणाऱ्यांची फुंकण्याची ताकद बऱ्यापैकी टिकून राहिली, न घेणाऱ्यांची घसरत गेली. गोळी थांबवल्यावर घसरण पुन्हा सुरू झाली. म्हणजे आजार मुळातून जात नाही, पण थोपवता येतो. 2015 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी तिला रीतसर मंजुरी मिळाली. मी गोळी घेते, नोकरी करते, स्वयंपाक करते, सिंहगड चढत नाही. तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढलंय, त्याची वेगळी गोळी आहे. प्रत्येकीला लगेच सुरू करतात असं नाही, फुफ्फुसाची क्षमता किती कमी झाली आहे त्यावर ठरतं. त्यासाठी पीएफटी, म्हणजे फुफ्फुसाच्या क्षमतेची तपासणी, लागते, आणि तीही नुसती स्पायरोमेट्री (फुंकण्याची तपासणी) नको, डीएलसीओसकट (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजतात) करा. पण नळी नुकतीच काढली आहे, तेव्हा फुंकण्याची तपासणी कधी करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

10 लाख स्त्रियांमागे पाच-सात असा या आजाराचा आकडा सांगतात. तेव्हा नाशिकच्या तुमच्या डॉक्टरांनी पाहिलेला नाही यात त्यांचा काही दोष नाही. अमेरिकेत 1995 मध्ये एका पेशंटच्या आईने लॅम फाउंडेशन सुरू केलं. त्यांच्या साईटवर जगभरच्या लॅम क्लिनिकची यादी आहे आणि पेशंटसाठी माहितीही आहे. मुंबईला जाण्याआधी ती वाचून जा, म्हणजे काय विचारायचं ते कळेल.

जावेला माझा निरोप द्या. इंटरनेटवरचे जुने लेख तिला वाचू देऊ नका. त्यात दहा वर्षांच्या आयुष्याची वगैरे भाषा आहे, ती गोळी येण्याआधीची आहे.

वैशाली, इंदिरानगर

ताई, तुमचं वाचून मी लगेच फाईल काढली. सोनोग्राफीत तोच शब्द आहे, अँजिओमायोलायपोमा. इतके दिवस हा कागद फाईलमध्ये खालीच पडून होता. जावेला तुमचा निरोप वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, फोन घेऊन परत एकदा स्वतः वाचला.

सीटी सेंटरमधून सीडी आणायला दीर उद्या जातोय. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली तर दर महिन्याला तिला मुंबईला न्यायचं का? आणि फुफ्फुस रात्री-अपरात्री पुन्हा बसलं तर?

एमडी चेस्ट, मूळ मालेगाव

वरच्या दोघांनी बरोबर लिहिलंय, मी फक्त या दोन प्रश्नांपुरतं लिहितो. मी पेशंट तपासलेला नाही हे ध्यानात ठेवा.

गोळीसाठी दर महिन्याला मुंबई गाठायची गरज सहसा नसते. सिरोलिमस हे मुळात किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटना देतात. नाशिकमध्ये ट्रान्सप्लांट होतात. त्या नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) हे औषध पाठ असतं: रक्तातली पातळी, तोंडातले फोड, कोलेस्टेरॉल, कोणत्या औषधाशी जमत नाही, सगळं. लॅम त्यांनी बघितलेला नसला तरी चालेल. निदान आणि दिशा मुंबईने ठरवावी, गोळीवर लक्ष नाशिकच्या नेफ्रॉलॉजिस्टने ठेवावं, छातीवर तुमच्या सध्याच्या डॉक्टरांनी. किडनीची गाठही नेफ्रॉलॉजिस्टच वेळोवेळी मोजतील. गाठ 4 सेंटिमीटरच्या वर गेली की रक्तस्रावाचा धोका वाढतो, सध्या ती लहान आहे. पातळीचं रक्त रोजची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं, हे लॅबवाल्याला दरवेळी सांगा. गोळी सुरू करण्याआधी टीबी आणि कावीळ बी-सीची तपासणी करून घ्या, कारण औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर गोळी चालू असल्याचं सर्जनला आधी सांगा, जखम भरायला वेळ लागतो.

फुफ्फुस पुन्हा बसण्याबद्दल. लॅममध्ये ते पुन्हा होण्याचं प्रमाण बरंच आहे, त्यामुळे पहिल्याच वेळेनंतर प्लुरोडेसिस करायचं का, हा प्रश्न मुंबईत स्वतःहून विचारा. म्हणजे फुफ्फुस छातीच्या आतल्या बाजूला चिकटवून टाकतात. 2017 च्या सूचना दुसऱ्या वेळेची वाट न बघण्याच्या बाजूने आहेत. पुढे कधी फुफ्फुस बदलायची वेळ आली तर प्लुरोडेसिस झालंय म्हणून ते नाकारत नाहीत, ही भीती मनातून काढा.

कसारा घाटाची काळजी सासूबाईंनी सोडावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आतबाहेर आहे, रेल्वेने किंवा गाडीने उतरताना तेवढ्याने काही होत नाही. एक्सरेत फुफ्फुस पूर्ण उघडलेलं आहे एवढी खात्री निघण्याआधी करून घ्या. विमानाचं मात्र वेगळं. दिल्ली-हैदराबादचं कोणी सुचवत असेल तर आत्ता नको.

ईएसआयसीचं रेफरल सातपूरच्या हॉस्पिटलमधून लेखी घ्या, मुंबईला जाण्याआधी. नंतर मागायला गेलात तर बिलं अडकतात.

पिंपळगावची लेक (आता पुणे)

रात्रीच्या प्रश्नाला माझं उत्तर. माझ्या पर्समध्ये आणि फोनच्या कव्हरमध्ये एक कागद असतो. त्यावर मोठ्या अक्षरात: मला लॅम आहे, अचानक छातीत दुखलं किंवा दम लागला तर आधी एक्सरे काढा, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुस बसलेलं) आहे का बघा, दमा समजून नुसतं नेब्युलायझर देऊन घरी पाठवू नका. खाली माझ्या डॉक्टरांचा नंबर. जावेसाठी असाच एक लिहा, तुमच्या डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. घराजवळच्या कोणत्या हॉस्पिटलात रात्री नळी टाकू शकणारा डॉक्टर हजर असतो ते आत्ताच जाऊन विचारून ठेवा. मुलगा तिसरीत आहे म्हणालात, त्यालाही 108 लावायला आणि घरचा पत्ता नीट सांगायला शिकवा. दुपारी घरात ती आणि तो दोघंच असणार.

हंडा आता दिरांनी उचलायचा.