जोडवर्गात (तिसरी-चौथी) इंटरॅक्टिव्ह पॅनल कसा वापरायचा? मदत हवी आहे

नमस्कार. सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझे दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसतात. तिसरीत १२ मुलं, चौथीत ११. दिवाळीनंतर गावच्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून शाळेला मोठा पॅनल (टीव्हीसारखा, बोटाने चालवायचा पडदा) दिला, चाकांच्या स्टॅण्डवरचा. लोकांनी कष्टाच्या पैशातून दिलेली वस्तू आहे, ती मुलांच्या खरोखर उपयोगी पडावी म्हणून विचारतेय.

अडचण भागाकारापासून सुरू झाली. चौथीला ४३२ ÷ ४ शिकवायचं होतं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा व्हिडिओ लावला. मुलं टक लावून बघत होती. "कळलं का?" विचारल्यावर सगळ्यांनी एका सुरात "हो बाई!" म्हटलं. पाट्या काढायला लावल्या, तर ११ पैकी ८ जणांचं उत्तर १८! ३ ला ४ ने भाग जात नाही म्हणून त्यांनी पुढचा २ खाली घेतला, पण भागाकारात शून्य मांडलंच नाही. व्हिडिओत ते शून्य ठळक लाल रंगात आलं होतं. डोळ्यांनी पाहिलं, हाताने केलं नाही, एवढाच त्याचा अर्थ मी लावला.

दुसऱ्या दिवशी पॅनल बंद ठेवला आणि खेळातल्या नोटा काढल्या. शंभराच्या ४, दहाच्या ३, एकाची २ नाणी. चार मुलं पुढे बोलावली, आणखी एका मुलीला वाटायला सांगितलं. शंभराची एकेक नोट सहज वाटली. मग दहाच्या तीन नोटा हातात धरून ती थांबली आणि म्हणाली, "बाई, कुणालाच देता येत नाही." म्हटलं, मग प्रत्येकाच्या वाट्याला दहाच्या किती आल्या ते आधी लिही. तिने ० लिहिलं. तीन नोटा मोडून सुटे ३० घेतले, जवळचे २ मिळवले, प्रत्येकाला ८. उत्तर १०८. त्यानंतर तोच व्हिडिओ पुन्हा लावला, तेव्हा मुलंच पडद्यापाशी जाऊन "इथे नोट मोडली!" म्हणून दाखवू लागली.

म्हणजे आधी हातात वस्तू, मग पाटी, मग पडदा, हा क्रम मला पटला. पण यात दोन तासिका गेल्या. आणि तिसरीची १२ मुलं हातच्याची वजाबाकी अर्धवट टाकून माना वळवून पॅनलकडे बघत बसली. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, मूलभूत गणित यावं असं आहे. ते उद्दिष्ट मला मनापासून मान्य आहे, म्हणूनच त्या १२ जणांचा वेळ असा जाताना जीव तुटतो.

पॅनल नको, असं मी मुळीच म्हणत नाही. परिसर अभ्यासात प्रतापगडाचा प्रसंग घेताना उपग्रह नकाशावर जावळीचं खोरं दाखवलं. केवढी दाट झाडी आणि किती उभे डोंगर, हे फळ्यावर मला कधीच दाखवता आलं नसतं. इंग्रजी उच्चारांसाठीही त्याचा मोठा आधार आहे. पाढ्यांचं मात्र कळत नाही. गाण्याच्या चालीवर मुलं सातचा पाढा सुरेख म्हणतात, पण "सात सक?" असं मधूनच विचारलं की पहिल्यापासून म्हणत यावं लागतं.

तर जोडवर्ग घेणाऱ्यांनी कृपया सांगा, एका वर्गाला पॅनल दाखवताना दुसऱ्याला कसं गुंतवता? आणि व्हिडिओ किती वेळ लावता?

प्रतिसाद

मॅडम, मी २२ वर्षं जोडवर्ग घेतले, आता निवृत्त आहे. दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसवा. फळा पुढच्या भिंतीला, पॅनल मागच्या. नोटांचं तुम्ही केलंत ते उत्तमच, पण दर वेळी पूर्ण वर्गासमोर करू नका. चार-चारच्या गटात मुलांनीच वाटायचं, तोवर तुम्ही तिसरीकडे. व्हिडिओचा आवाज बंद करा आणि प्रत्येक पायरीआधी थांबवा. "आता काय येईल?" हे मुलांनी पाटीवर लिहायचं, मगच पुढे. तीन मिनिटांच्या व्हिडिओला पंधरा मिनिटं लागतील, लागू द्या. पाढे उलटे म्हणून घ्या, सात दाहे सत्तरपासून खाली. चालीचा आधार सुटला की आकडे पक्के होतात.

प्रतिसाद

ताई, आमच्याकडे पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्ही जातात. दीक्षा अ‍ॅपवर साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येतं, वर्गात नेट शोधण्यात वेळ जात नाही. आणि आदल्या दिवशी स्वतः पूर्ण बघा. काही व्हिडिओंत मांडणीची रीत आपल्या फळ्यावरच्या रीतीपेक्षा वेगळी असते, मुलं गोंधळतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आवाज बंद करण्याचं आजच करून पाहिलं. ६१२ ÷ ६ घेतलं, दहाच्या नोटेशी थांबवलं आणि पाट्या वर करायला सांगितल्या. ११ पैकी ९ पाट्यांवर शून्य होतं. उरलेल्या दोघांना उद्या पुन्हा नोटा घेऊन बसवते. तिसरीने पाठ फिरवून वजाबाक्या पूर्ण केल्या, आवाजच नव्हता त्यामुळे वळून कुणी पाहिलं नाही. सर, मागच्या भिंतीला विजेचा बोर्ड नाही आणि वायर मुलांच्या पायात येते. तुम्ही ती कशी नेली होती, तेवढं सांगाल का?