एकच कप्पी, एकच झुला : वर बसलेल्याला निम्मेच बल का पुरते?

पेठकरीण (सदाशिव पेठ, पुणे) :

आमच्या इमारतीचे पावसाळ्याआधीचे रंगकाम सध्या सुरू आहे. गच्चीवरून बाहेर काढलेल्या तुळईला एक कप्पी टांगली असून तिच्यावरून गेलेल्या दोराच्या एका टोकाला रंगाऱ्याचा झुला बांधला आहे. दुसरे टोक झुल्यात बसलेल्या रंगाऱ्याच्याच हातात असते आणि ते ओढत तो एकटा तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. काल मात्र त्याच्या तळहाताला लागल्यामुळे दोर खालून ओढायचे ठरले, तेव्हा त्याच्याच अंगकाठीच्या सोबत्याला ते एकट्याने मुळीच जमले नाही. दोघांना ओढावे लागले. माझ्या अकरावीतील मुलीच्या पुस्तकाप्रमाणे स्थिर कप्पी बलाची केवळ दिशा बदलते, बल वाचवत नाही. असे असताना तीच कप्पी, तोच दोर आणि तेच वजन असूनही हा फरक कसा पडतो?

जुना फिटर (कोथरूड) :

पुस्तकातील विधान बरोबर आहे. फक्त ते खालून ओढणाऱ्याला लागू पडते. अशा प्रश्नात कप्पी स्थिर की चल या नावांच्या मागे न लागता, जे वर जायचे आहे त्याच्याभोवती मनातल्या मनात एक रेघ आखावी आणि ती रेघ दोराला किती ठिकाणी छेदते ते मोजावे. रंगारी ६० किलोचा आणि झुला, रंगाचे डबे वगैरे मिळून १० किलो धरू, म्हणजे एकूण भार सुमारे ७०० न्यूटन झाला. सोबती खालून ओढतो तेव्हा रंगारी आणि झुला यांच्याभोवतीची रेघ दोराला एकाच जागी छेदते, त्यामुळे त्या एका दोरातच पूर्ण ७०० न्यूटनचा ताण असावा लागतो. साठ किलोचा सोबती दोराला लोंबकळला तरी ६०० न्यूटनच देऊ शकतो. झुला वर जाण्याऐवजी तोच जमिनीवरून उचलला जाईल.

रंगारी स्वतः ओढतो तेव्हा तीच रेघ दोराला दोन जागी छेदते : एकदा झुल्याच्या गाठीशी आणि एकदा त्याच्या मुठीच्या वर. दोर एकच असल्यामुळे, घर्षण सोडून दिल्यास, दोन्ही ठिकाणी ताण सारखाच असतो आणि म्हणून तो ३५० न्यूटन भरतो. फुकट मात्र काही मिळत नाही. दहा मीटर चढण्यासाठी त्याच्या हातांतून वीस मीटर दोर जातो, त्यामुळे दोन्ही प्रकारांत कार्य ७००० ज्यूलच होते.

मुलीला आणखी एक गणित घालावे. झुल्याच्या बाजूचा दोर झुल्याला ३५० न्यूटनने वर ओढतो, झुल्याचे स्वतःचे वजन १०० न्यूटन आहे. तेव्हा रंगारी फळीवर किती बलाने टेकलेला असतो? उत्तर २५० न्यूटन येते, ६०० नव्हे, कारण उरलेले ३५० त्याच्या हातांनी पेललेले असतात. याच हिशोबाने, झुला आणि त्यावरचे सामान मिळून रंगाऱ्याहून जड झाले, तर त्याला कितीही जोर लावून झुला उचलता येणार नाही. तोच फळीवरून वर उचलला जाईल.

पेठकरीण :

आपले मनःपूर्वक आभार. रेघ आखण्याची युक्ती मुलीला लगेच पटली. तिची पुढची शंका अशी आहे की, वर पोहोचल्यावर रंगाऱ्याने मोकळे टोक झुल्याला न बांधता शेजारच्या खिडकीच्या गजाला बांधले, तर काय होईल?

कातळवेडा (सिंहगड रस्ता) :

शंका फार महत्त्वाची आहे. टोक झुल्याच्या कडीला बांधले असेल, तर दोर अजूनही दोन जागी भार पेलतो. ताण ३५० आणि तुळईच्या हुकावर एकंदर ७०० न्यूटन. टोक खिडकीच्या गजाला बांधताच ताण ७०० होतो आणि हुकाला १४०० न्यूटन पेलावे लागतात, कारण कप्पीच्या दोन्ही बाजूंचे दोर तिला खालीच खेचत असतात. रंगारी एक किलोनेही जड झालेला नसताना झिजलेला दोर किंवा कच्चा हूक नेमका या बदलाने तुटू शकतो. आम्ही कड्यांवर चढणारे लोक हे सांभाळत असतो : वरच्या नांगरातून (कड्याच्या माथ्यावरील पक्क्या आधारातून) आलेला दोर खाली उभा असलेला सोबती धरतो, तेव्हा नांगरावर चढणाऱ्याच्या वजनाहून बराच अधिक भार येतो. कॅराबिनरवरचे (दोर ज्यातून जातो त्या धातूच्या कडीवरचे) घर्षण सोबत्याच्या मदतीला धावत असल्यामुळे तो पूर्ण दुप्पट होत नाही, इतकेच.

ओढताना मात्र हेच घर्षण आडवे येते. समजा कप्पीवर दहा टक्के ताण वाया जातो. मग खालून ओढणाऱ्याला ७०० ऐवजी सुमारे ७७८ न्यूटन लावावे लागतील, तर झुल्यातल्या रंगाऱ्याला ३५० ऐवजी सुमारे ३६८. शिवाय हिसका दिला की ताण तेवढ्यापुरता वाढतो, तो वेगळाच. रंगाऱ्याच्या कमरेला दुसऱ्या स्वतंत्र आधाराला बांधलेला वेगळा दोर नसेल, तर कृपया आजच ठेकेदाराला सांगावे.

पेठकरीण :

ठेकेदाराशी बोलणे झाले. दुसरा दोर आता पाण्याच्या टाकीखालच्या खांबाला बांधला आहे. मुलीने रद्दीवाल्याकडून लटकता काटा मागून आणला, तो हूक आणि कप्पी यांच्यामध्ये अडकवला आणि दोराला ४ किलोची बादली टांगली. कप्पीचे वजन वजा केल्यावर बादली सावकाश वर ओढताना काटा ८.४ किलोच्या आसपास आणि सावकाश खाली सोडताना ७.६ च्या आसपास दाखवत होता. दोराचे मोकळे टोक बादलीच्याच कडीला बांधल्यावर तो ४ वर येऊन थांबला.