जुन्या जीन्सच्या पिशवीचे बंद उसवतात, काय करावं?

विश्रामबागकर: बाजारच्या पिशव्या शिवतेय. चार-पाच किलो भाजी भरली की बंद मुळातून निघतो, कधी कापडासकट. जाड शिवणीवर सुईही मोडते.

टीप_धावदोरा: बंद नुसता काठावर शिवला की सगळं ओझं एका टिपेवर येतं. टोक काठाखाली 4-5 सेंमी उतरवा, चौकोनी टीप घाला, मधे फुली मारा. आतून जीन्सचाच 6 सेंमीचा चौकोनी तुकडा लावा, मग कापड फाटत नाही. बंदाची पट्टी 10 सेंमी रुंद कापा, दोन्ही कडा मधे आणून पुन्हा दुमडा. अडीच सेंमीचा चारपदरी बंद होतो. सुई 16 नंबर, दोरा पॉलिएस्टरचा. टाके बारीक नकोत, कापडाला भोकांची रांग पडते आणि तिथेच फाटतं. शिवणीवर शिवण आली की मोटर सोडा, चाक हाताने फिरवा.

मिरजवाला: कापड कुठलं घेताय? गुडघ्याचा आणि बुडाचा भाग विरलेला असतो, उजेडासमोर धरलं की कळतं. पोटरीचा भाग घ्या. आणि ओल्या मेथीला निळा रंग लागतो, म्हणून आतून सुती साडीचं अस्तर. बेदाणे, हळकुंडं यांना तशी गरज नाही.

विश्रामबागकर: स्ट्रेच जीन्स चालेल?

टीप_धावदोरा: पिशवीला चालेल, बंदाला अजिबात नको. ताणून गुडघ्यापर्यंत लोंबेल.