मदत हवी आहे: फोर्क (पुढचे चाक धरणारे सस्पेन्शनचे दोन दांडे) उतरवण्यासाठी पुढचा स्टँड कसा निवडावा?

माझ्या स्पोर्ट बाईकचे वजन भरलेल्या टाकीसह सुमारे 200 किलो असून तिला सेंटर स्टँड नाही. स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) 8 मिमी आट्यांचे स्पूल, म्हणजे स्टँड अडकवायच्या खाचेच्या गोल फिरक्या, बसवून मी मागचा पॅडॉक स्टँड (मागचे चाक उचलून धरणारा स्टँड) वापरतो आणि चेनची सगळी कामे त्यावर उत्तम होतात. त्याआधी रबरी पॅडचा स्टँड होता. पण एकदा उचलताना डावा पॅड स्विंगआर्मखाली बोटभर सरकला आणि गाडी उजवीकडे झुकू लागली, तेव्हापासून तो वापरणे बंद केले.

आता फोर्कचे ऑइल सील बदलायचे आहेत. फोर्कला खालून आधार देणारा स्टँड चाक काढण्यापुरता ठीक आहे, परंतु इथे फोर्कच उतरवायचे असल्याने स्टिअरिंग स्टेमच्या (हँडल ज्यावर फिरते त्या मधल्या पोकळ दांड्याच्या) खालच्या भोकात पिन घालून उचलणारा स्टँड घ्यावा लागेल. भोक तोंडाशी 17 मिमी भरते आणि आत किंचित निमुळते होत जाते. इंजिनाखाली जॅक लावता येत नाही, कारण एक्झॉस्टचे पाइप नेमके तिथूनच गेले आहेत. जमीन सपाट आहे, आधी मागची बाजू उचलायची हेही ठाऊक आहे. मात्र मदतीला कोणी नसेल.

अशा भोकासाठी पिन किती मापाची घ्यावी, आणि फोर्क काढल्यावर गाडी दोन दिवस या दोन स्टँडांवरच ठेवणे सुरक्षित आहे, की वरून पट्ट्याचा आधारही द्यावा?